अंतर एकच, मग वेळ वेगळा का?

विमानप्रवासाला किती वेळ लागेल? अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागा, आला वेळ, हे गणित ढोबळ अंदाजापुरतं ठीक आहे. पण त्यात जाता-येता सारखाच वेळ निघतो, तिथेच ते फसतं. लंडन ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण ५,५५० किलोमीटर. पश्चिमेकडे जाताना आठ तासांच्या आसपास लागतात, परतताना सहसा तासभर तरी कमी. कारण जेट स्ट्रीम. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात चांगलाच जोर धरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं! जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर, तरीही ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच पुढे पळत होती. सीटसमोरच्या स्क्रीनवर 'ग्राउंड स्पीड' (जमिनीच्या हिशेबाने वेग) आणि 'हेडविंड' (समोरून येणारा वारा) किंवा 'टेलविंड' (मागून येणारा वारा) हे आकडे दिसत असतील तर जरूर बघा, नकाशापेक्षा तेच जास्त बोलके असतात.

आणखी एक. तिकिटावरचा वेळ हा निव्वळ हवेतला नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू, पलीकडच्या गेटला लागलं की बंद. मोठ्या विमानतळावर टॅक्सी करण्यातच, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांच्यामध्ये जमिनीवरून चालण्यातच, वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, आणि उशिराची सोय म्हणून कंपन्या वर थोडा वेळ धरून ठेवतात तो वेगळाच. त्यामुळे तासभर उशिरा उडालेलं विमान कधीकधी जवळपास वेळेवर पोचतं, त्यात वैमानिकाची करामत असतेच असं नाही.