परसातली छोटी वेधशाळा: बजेट आटोक्यात ठेवून माउंट, दुर्बीण, कॅमेरा कसं निवडायचं?

परसदार

नमस्कार मंडळी. परसात खांब रोवून आकाशछायाचित्रणासाठी कायमची मांडणी करायची आहे. तेजोमेघ आणि दीर्घिका टिपायच्या आहेत, ग्रह-चंद्र नाहीत.

जागा ३ बाय ३ मीटर, जमीन काळी चिकणमातीची. पूर्व, दक्षिण, पश्चिम साधारण २५ अंशांच्या वर मोकळं. उत्तरेला दुमजली घर, त्यामुळे ध्रुवतारा दिसतच नाही. आकाश बॉर्टल ७ (अंधाराच्या १ ते ९ श्रेणीत बरंच उजळ), हवा बरीचशी दमट. हाताशी एक जुना डीएसएलआर आहे, फिल्टर न काढलेला.

मनातली यादी: ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन (आरसा-भिंगाची दुर्बीण, फोकल लांबी २०३२ मिमी), हलका हार्मोनिक माउंट (दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणारं यंत्र, लवचीक गिअरचं), मोनो कॅमेरा (काळापांढरा, एकेक रंग फिल्टरने टिपणारा), ७ फिल्टरचं चक्र आणि वर सरकतं छप्पर असलेली खोली. बेरीज बजेटच्या दीडपट जाते. कात्री कुठे लावू? आणि ध्रुवतारा न दिसता पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी जुळवणं) होते का?

---

रात्रपाळी

यादी उलटीकडून लिहिली आहे. दुर्बीण आधी ठरली आणि माउंट उरलेल्या पैशांत बसवला. छायाचित्रणात आधी माउंट, मग तो नीट पेलेल ती दुर्बीण.

एका पिक्सेलवर आकाशाचा किती तुकडा पडतो ते काढा: २०६ गुणिले पिक्सेलचा आकार (मायक्रॉन) भागिले फोकल लांबी (मिमी). उत्तर आर्कसेकंदांत (अंशाचा ३६०० वा भाग; ६० आर्कसेकंद म्हणजे एक आर्कमिनिट) येतं. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असतो. २०३२ मिमीला उत्तर ०.३८ येतं. घरांच्या वस्तीत सीइंग (हवेच्या थरथरीने ताऱ्याचं पसरणं) २ ते ४ आर्कसेकंद असेल, तर एकच तारा पाच ते दहा पिक्सेलांवर सांडणार. तपशील वाढत नाही, फाइल मात्र फुगते. वर एफ/१० (फोकल लांबी छिद्राच्या दहापट), म्हणजे तेवढ्याच पिक्सेलवर एफ/५ इतका प्रकाश जमवायला चौपट वेळ. ग्रहांसाठी ती उत्तम दुर्बीण आहे, पण ग्रह तुम्हाला नकोच आहेत.

त्याऐवजी दोन पर्याय.

एक: ७०-८० मिमीचा अपोक्रोमॅट (रंगदोष काढलेली भिंगांची दुर्बीण), ४०० मिमीच्या आसपास. १.९४ आर्कसेकंद प्रति पिक्सेल. गायडिंगची (एक तारा धरून माउंटची चाल सतत सुधारत राहणं) एकूण चूक १ आर्कसेकंदाच्या आत राहिली की तारे गोल. फ्लॅटनर (कडेचे तारे नीट आणणारं भिंग) सोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो ते आधी विचारा.

दोन: १५० मिमी एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), ७५० मिमी, १.०३ आर्कसेकंद. दर पैशाला मिळणारं छिद्र पाहिलं तर याच्यासारखं स्वस्त काही नाही. मात्र कोमा करेक्टर (कडेच्या ताऱ्यांची शेपटी काढणारं भिंग) हवाच, कोलिमेशन (आरसे जुळवणं) शिकावं लागतं, आणि गायडिंग ०.५-०.६ वर आणावं लागतं. लांब नळीला वारा लागतो. भिंतींच्या आड तो त्रास बराच कमी होतो.

एम ५१ ही दीर्घिका साधारण ११ आर्कमिनिटं लांब आहे: ४०० मिमीवर ३४० पिक्सेल, ७५० वर ६४०. उलट देवयानी दीर्घिका ३ अंशांची, ती ७५० मिमीत एका फ्रेममध्ये मावायची नाही. तेजोमेघ जास्त आवडत असतील तर पहिला पर्याय घ्या आणि विषय संपवा.

आता माउंट. हार्मोनिकची किंमत त्याच्या हलकेपणाची असते. तुम्ही तो एकदा खांबावर चढवणार आणि पुन्हा उतरवणारच नाही, मग हलकेपणाला पैसे कशाला मोजायचे? शिवाय त्याची नियतकालिक चूक (गिअरमुळे ठरावीक वेळाने परत येणारी) मोठी आणि भराभर बदलणारी असते, अर्ध्या-एक सेकंदाच्या गायडिंगशिवाय तो चालत नाही. कायमच्या खांबावर जुना, जड, वर्म गिअरचा (मळसूत्राने फिरणाऱ्या दातेरी चाकाचा), २० किलो वर्गातला विषुववृत्तीय माउंट सेकंडहँड घेतलात तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. वजनाचा आकडा मात्र डोळ्यांनी बघण्यासाठीचा समजा. फोटोसाठी त्याच्या साठ टक्क्यांच्या वर जाऊ नका.

सेकंडहँड घेताना दोन्ही क्लच आवळून काउंटरवेटचा दांडा हलकेच मागेपुढे करा. टक्-टक् लागलं तर गिअरमध्ये ढिलाई आहे. ती बहुतेकदा जुळवता येते, पण किंमत ठरवताना बोला. मग पीएचडी-२ या गायडिंगच्या प्रोग्राममधला गायडिंग असिस्टंट वर्मच्या एका पूर्ण फेरीइतका वेळ चालवा. ईक्यू-६ या माउंटची फेरी ४७९ सेकंदांची, एचईक्यू-५ ची ६३८. चुकीचा आलेख मोठा पण गुळगुळीत असेल तर हरकत नाही, गायडिंग तो पुसून टाकतं. दातेरी असेल तर हात जोडून परत या.

---

लोलक

रात्रपाळी यांच्याशी बहुतांशी सहमत. कॅमेऱ्याचं सांगतो.

मोनो आणि ७ फिल्टर म्हणजे फक्त कॅमेऱ्याचा खर्च नव्हे. चक्र आलं, प्रत्येक फिल्टरचा वेगळा फोकस आला (म्हणजे मोटर आली), प्रत्येकाचे वेगळे फ्लॅट (धुळीच्या सावल्या पुसायला काढलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) आले. निरभ्र रात्री मोजक्याच असतील तर लाल-हिरवं जमतं आणि निळ्याच्या रात्री ढग येतात. सुरुवातीला थंड केलेला रंगीत कॅमेरा बरा.

सेन्सर आयएमएक्स ५३३ की ५७१? पिक्सेल दोन्हींचे ३.७६. पहिला ११.३ मिमीचा चौरस, दुसरा २३.५ बाय १५.७. ५३३ चा कर्ण १६ मिमी, त्यामुळे सव्वा इंची फिल्टर पुरतात, फ्लॅटनरवर ताण येत नाही, किंचित टिल्ट (सेन्सरचा तिरकेपणा) असला तरी कोपऱ्यांत दिसत नाही. ५७१ ला ३६ मिमी किंवा २ इंची फिल्टर लागतात आणि फोकसर ढिला असेल तर एका कोपऱ्यातले तारे लगेच लांबट होतात. मोठ्या सेन्सरचा खर्च असा मागून वसूल होतो. ४०० मिमीवर ५३३ चं क्षेत्र १.६ अंश: मृगातला मोठा तेजोमेघ आरामात मावेल, देवयानी नाही.

बॉर्टल ७ मध्ये दुहेरी अरुंदपट्टा फिल्टर पहिल्या दिवसापासून घ्या. तो हायड्रोजन-अल्फा (६५६.३ नॅनोमीटर) आणि ऑक्सिजन-तीन (५००.७) एवढंच आत सोडतो. उत्सर्जन तेजोमेघांवर फरक डोळ्यांत भरतो. दीर्घिकांवर तो लावू नका. त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, फिल्टर तोच खाऊन टाकेल.

डीएसएलआर लगेच टाकू नका. माउंट आणि गायडिंग जुळेपर्यंत तोच वापरा. त्यातला मूळ फिल्टर हायड्रोजन-अल्फाचा बराचसा भाग अडवतो, त्यामुळे लाल तेजोमेघ फिके येतील, तारासमूह आणि दीर्घिका चालतील. उबदार रात्री खरी अडचण गोंगाटाची: सेन्सर दर ६ अंशांनी तापला की डार्क करंट (प्रकाश नसतानाही साठणारा विद्युतभार) ढोबळमानाने दुप्पट होतो. थंड कॅमेरा हवेपेक्षा ३५ अंशांच्या आसपास खाली जातो. २८ अंशांच्या रात्री उणे १० मागितलंत तर कूलर शंभर टक्क्यांवर धापा टाकेल आणि तापमान डळमळेल. शून्य ठेवा, त्याच तापमानाचे ३०-४० डार्क (गोंगाट वजा करायला झाकण लावून काढलेले फोटो) एकदाच काढून ठेवा.

---

त्रिकांड

मोनोबद्दल थोडा विरोध नोंदवतो. उजळ आकाशात मोनो कॅमेरा आणि एकच हायड्रोजन-अल्फा फिल्टर ही जोडी पौर्णिमेलाही काम देते. चित्र काळंपांढरं येतं, पण प्रत्येक पिक्सेल कामाला लागतो. रंगीत सेन्सरमध्ये तो प्रकाश चारातल्या एकाच पिक्सेलला मिळतो. बाकी फिल्टर मागाहून एकेक घेता येतात. ज्यांना रंग आजच हवा त्यांनी लोलक म्हणतात तसंच करावं.

---

खांबवाला

खांब आणि छप्पर. इथे लोक पैसे नको तिथे घालतात.

काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. वरच्या थरावर ठोकळा ओतलात तर खांब ऋतूप्रमाणे डुलेल आणि अलाइनमेंट बिघडत राहील. मुरूम लागेपर्यंत खणा. तो फार खोल असेल तर निदान भेगा जातात त्याच्या खाली जा. तळाशी खडी ठोकून बसवा. ६० बाय ६० सेंमी, ७५ सेंमी उंचीचा काँक्रीटचा ठोकळा साडेसहाशे किलोच्या घरात जातो, एवढा पुरे. मिश्रण १:दीड:तीन, निदान ७ दिवस रोज पाणी मारायचं.

ठोकळा आणि खोलीची फरशी यांच्यात चहूबाजूंनी २-३ सेंमी फट ठेवा, तिच्यात काँक्रीटचा ओघळ जाऊ देऊ नका. एक ओघळ पुरेसा असतो. मग फरशीवर पाऊल पडलं की तारा हलतो, आणि दोष बिचाऱ्या माउंटला लागतो.

खांब १५० ते २०० मिमी व्यासाचा पोलादी पाइप. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की ताठपणा आठपट होतो, आणि उंची दुप्पट केली तर झुकणंही आठपट. म्हणून जाड आणि बुटका. आत कोरडी वाळू भरा, पाइप घंटेसारखा वाजत नाही. वरती दोन पट्ट्यांमध्ये चार लांब बोल्टांचा पिंजरा करतात तो शक्यतो टाळा. इतका ताठ खांब उभारून वर स्प्रिंग बसवल्यासारखं होतं. करायचाच तर बोल्ट जाड आणि पट्ट्यांतलं अंतर बोटभर.

सरकतं छप्पर पहिल्या वर्षी नको. सगळ्यात स्वस्त वेधशाळा म्हणजे खांब, माउंट आणि वरून घालायची पेटी: पत्र्याची किंवा मरीन प्लायची, पांढरी रंगवलेली, खालून हवा खेळती. छप्पर करायचं ठरलंच तर दोन गोष्टी विसरू नका. बंद असताना ते वाऱ्याने उचललं जाणार नाही अशा कड्या. आणि दुर्बीण पार्क स्थितीत (मिटून ठेवायच्या ठरलेल्या जागी) नसेल तर छप्पर हलूच नये असा स्विच. भिंती उंच झाल्या म्हणून खंत नको; ३० अंश उंचीवर आपण डोक्यावरच्या दुप्पट हवेतून बघत असतो, २० अंशांवर जवळजवळ तिप्पट.

---

परसदार

मोलाची माहिती, आभार. यादीतून श्मिट-कॅसेग्रेन, हार्मोनिक आणि छप्पर बाद. ४०० मिमीचा अपोक्रोमॅट, जुना जड माउंट, ५३३ रंगीत, आणि पेटी. वीज घरातून १० मीटरवरून न्यायची आहे. १२ व्होल्टचा अॅडॉप्टर घरात ठेवून फक्त तार नेली तर चालेल? आणि ध्रुवताऱ्याचं राहिलंच.

---

लोलक

तार मोजून बघा. १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेला जाऊन-येऊन २० मीटरचा रोध ०.२३ ओहम. माउंट, कूलर, दवपट्ट्या मिळून ५ अँपिअर ओढले की १.१५ व्होल्ट वाटेतच गेले. माउंटला १०.८५ मिळतात, आणि बिघाड असा दिसतो की दुर्बीण दुसऱ्या लक्ष्याकडे वळायला लागली की मोटर अडखळते किंवा कॅमेरा यूएसबीवरून गायब होतो. लोक ड्रायव्हर बदलत बसतात. ४ चौरस मिमी तार घेतली तर घट ०.४३ वर येते. त्याहून चांगलं म्हणजे मुख्य वीजच खांबापर्यंत जमिनीखालच्या पाइपातून, अर्थिंग आणि गळतीरोधक ब्रेकरसह, वायरमनकडून नेऊन घ्या आणि अॅडॉप्टर तिथे बंद पेटीत ठेवा.

यूएसबी घरापर्यंत ओढू नका. खांबाशी छोटा संगणक, त्याच्यावर नीना (कॅमेरा-माउंट चालवणारा प्रोग्राम) आणि पीएचडी-२, घराशी फक्त नेटवर्कची तार. विजा चमकणाऱ्या भागात ती ऑप्टिकल फायबरची केली तर विजेचा झटका निदान त्या वाटेने घरात शिरत नाही.

दमट हवेत दवपट्टी मुख्य भिंगाला आणि गायड दुर्बिणीलाही. दुसरी हमखास विसरली जाते, मग मध्यरात्री "तारा हरवला" म्हणून गायडिंग थांबतं. पेटी बंद असताना आत आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहील असं बघा, नाहीतर भिंगावर बुरशी धरते. लहानसा हीटर सतत चालू ठेवणं हा साधा उपाय. सिलिका जेल उघड्या पेटीत दोन दिवसांत दमतं. तारांच्या भोकांना जाळी लावा, मुंग्या आणि पाली उबेला येतात.

---

रात्रपाळी

ध्रुवतारा नसला तरी चालतं. नीनामधलं तीन बिंदूंचं अलाइनमेंट आकाशाच्या कुठल्याही भागात होतं: एकामागून एक तीन फोटो, मध्ये फक्त विषुवांश अक्ष (माउंटचा ताऱ्यांबरोबर फिरणारा अक्ष) फिरवायचा, प्रत्येक फोटो ताऱ्यांवरून ओळखला जातो आणि चूक आर्कमिनिटांत समोर येते. स्क्रू फिरवत ती १ आर्कमिनिटाच्या आसपास आणा. मग ड्रिफ्टने (ताऱ्याचं सरकणं पाहून) ताडून बघा. मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) आणि खगोलीय विषुववृत्त जिथे छेदतात तिथला तारा उत्तर-दक्षिण सरकला तर दिगंशात (आडव्या दिशेत) चूक. पूर्वेला किंवा पश्चिमेला खाली असलेला सरकला तर उंचीत. कायमच्या खांबावर हे एकदाच नीट करायचं, पुढे ऋतू बदलला की तपासायचं.

---

परसदार

शेवटचं. खांबाचे बोल्ट ओतायच्या आधी उत्तर कशी धरायची? मोबाइलचा होकायंत्र दर वेळी वेगळं दाखवतो.

---

खांबवाला

सळ्या आणि पाइप जवळ असताना तो भरकटणारच, आणि चुंबकीय उत्तर ही खरी उत्तर नव्हेच. शंकूची जुनी रीत वापरा. सपाट केलेल्या जमिनीवर सरळ काठी ओळंब्याने उभी करा, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. तिला काटकोन म्हणजे उत्तर. माउंटचा दिगंश स्क्रू फक्त काही अंश फिरतो, त्याला एवढी अचूकता भरपूर झाली. रेघ खड्ड्याच्या बाहेरपर्यंत दोरीने वाढवून दोन खुंट्या ठोका, कारण खणताना आतल्या खुणा जाणार. बोल्ट प्लायवूडच्या साच्यात आवळून धरा, साचा त्या दोरीखाली जुळवा आणि ओतून झाल्यावर काँक्रीट ओलं असतानाच पुन्हा एकदा दोरी ताणून बघा. व्हायब्रेटर लावला की साचा हटकून वळतो.