काटा नाही म्हणून मिक्स्चरला हातच लावायचा नाही?

"एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा काटा नसेल तर लाल नॉब पूर्ण आत ठेवा, सुरक्षित राहाल" हे मत पटलं नाही. (छोट्या विमानातला हा लाल नॉब म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा, मिक्स्चरचा: पूर्ण आत म्हणजे दाट, बाहेर ओढला की पातळ.) सेसना १५२ सारख्या फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) पंख्याच्या विमानात टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे, म्हणजे आरपीएम दाखवणारा काटा) आणि आपले कान पुरतात. क्रूझला (उंची गाठून सरळ उडताना) पॉवर ७५ टक्क्यांच्या आत आणून नॉब हळूहळू बाहेर ओढा: आरपीएम आधी किंचित चढतात, मग पडतात आणि इंजिन थरथरायला लागतं. थरथर थांबेपर्यंत परत आत ढकला, झालं. तसंही कार्ब्युरेटरच्या इंजिनात चारही सिलिंडरना सारखं मिश्रण मिळत नाही, त्यामुळे एकाच सिलिंडरवर बसवलेला काटाही अर्धंच खरं सांगतो.

पण जमिनीवरच्या लीनिंगबद्दल (मिश्रण पातळ करण्याबद्दल) इथे कुणीच बोललं नाही. १००एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. आयडलला (इंजिन नुसतं सावकाश फिरत असताना) मिश्रण दाट ठेवलं की स्पार्क प्लग पुरेसे तापत नाहीत आणि शिशाचे गोळे त्यांच्यावर बसतात. शिकत असताना माझ्या मॅग्नेटोच्या (प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राच्या) तपासणीत एकदा आरपीएम धाडकन पडले. प्रशिक्षकांनी शांतपणे १८०० आरपीएमला मिश्रण पातळ करून मिनिटभर इंजिन चालवलं, प्लग साफ! तेव्हापासून टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवत नेताना) नॉब चांगलाच बाहेर असतो, अगदी थ्रॉटल वाढवला तर इंजिन अडखळेल इतका. अर्धवट लीन केलं तर विसरून तसंच टेकऑफला निघण्याची भीती. डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावर (उंची सुमारे ५९०० फूट) तर हवा विरळ असल्याने टेकऑफलाही पूर्ण दाट चालत नाही. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम सर्वाधिक येतील तिथे लावायचं आणि नॉब अगदी थोडा आत.