लाइफरे ७.४: बिल्ड सक्सेसफुल येतं पण विजेट कुठेच दिसत नाही

नाशिकचा_कोडर:
नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले अडकलोय. ऑफिसचं पोर्टल लाइफरे या वेब पोर्टल सॉफ्टवेअरवर आहे, त्यासाठी गेटपासचं पोर्टलेट (पेजवर ठेवायचं छोटं ॲप, यादीत त्यालाच विजेट म्हणतात) करायचंय, पासवर क्यूआर कोड हवा. ऑफिसातलं जुनं वर्कस्पेस (प्रोजेक्टचं फोल्डर) घरच्या लॅपटॉपवर क्लोन केलं, आधी जावा १७ होतं तर ग्रेडल (कोड बिल्ड करणारं टूल) "मेजर व्हर्जन ६१", म्हणजे जावा १७ च्या फाइल्स चालत नाहीत, म्हणून अडून बसलं, जावा ११ टाकलं आणि मग चाललं. ब्लेड या लाइफरेच्या कमांड टूलने ब्लेड सर्व्हर इनिट मारून टॉमकॅट सर्व्हरसकट लाइफरेचं बंडल उतरवलं, साधं पोर्टलेट पेजवर आलं पण! मग क्यूआरसाठी झेडएक्सिंग लायब्ररी कंपाइलओन्ली (फक्त बिल्डपुरती) म्हणून जोडली आणि तेव्हापासून विजेटच्या यादीतून माझं पोर्टलेट गायब. ब्लेड डिप्लॉय मात्र दर वेळी बिल्ड सक्सेसफुल म्हणतंय.

जुना_पोर्टलवाला:
अरे, बिल्ड सक्सेसफुल म्हणजे जार (तुझ्या मॉड्यूलची फाइल) तयार होऊन ओएसजीआयच्या, म्हणजे लाइफरेत मॉड्यूल्स चालवणाऱ्या यंत्रणेच्या, मॉड्यूल्स फोल्डरमधे पडली, एवढंच. ती चालू झाली की नाही ते गोगो शेल (मॉड्यूल्स तपासायची कमांड-विंडो) सांगतो. कंट्रोल पॅनेलमधे सिस्टिमखाली आहे बघ. तिथे एलबी मार, मॉड्यूल्सची यादी येईल, एकदम खाली तुझं मॉड्यूल असेल, पुढे ॲक्टिव्हच्या जागी इन्स्टॉल्ड दिसेल, मग डायग (काय अडलंय ते सांगणारी कमांड) आणि यादीतला त्याचा नंबर टाक. माझी खात्री आहे, अनरिझॉल्व्हड रिक्वायरमेंट (लागणारी गोष्ट सापडली नाही) आणि पुढे झेडएक्सिंगचं पॅकेज येणार. कंपाइलओन्ली म्हणजे चालवताना ते पॅकेज पोर्टल देईल असं तू गृहीत धरलंस, पण ते तर पोर्टलमधे नाहीये. बिल्ड डॉट ग्रेडलमधे त्या ओळीला कंपाइलइन्क्लूड कर, लायब्ररी तुझ्याच जारमधे बसेल. पोर्टलच्या स्वतःच्या एपीआयला मात्र कंपाइलओन्लीच राहू दे, ते आत भरू नकोस.

अंजिरी:
दादांनी सांगितलंय ते बरोबर, फक्त टेलनेटने ११३११ पोर्टवर गोगोत गेलास तर बाहेर पडताना डिस्कनेक्ट लिही, एक्झिट लिहिलंस तर अख्खं पोर्टल बंद पडतं, आणि परत चालू व्हायला ८ जीबीच्या लॅपटॉपवर किती वेळ जातो ते मी भोगलंय. आणि बंडल्स फोल्डरमधे हाताने काही बदलू नकोस रे, बंडल पुन्हा उतरवलं की सगळं जातं. पोर्टल-एक्स्ट प्रॉपर्टीज (पोर्टलच्या सेटिंगची फाइल) वर्कस्पेसच्या कॉन्फिग्जमधल्या लोकल फोल्डरमधे ठेव, डेव्हलपर प्रॉपर्टीजचा (कॅश बंद ठेवणाऱ्या सेटिंगचा) इन्क्लूड पण तिथेच टाक, नाहीतर सीएसएस बदललं तरी कॅशमधलं जुनंच दिसत राहतं. डेटाबेस कुठला आहे? बंडलसोबत येणाऱ्या हायपरसोनिक डेटाबेसवर फार दिवस राहू नकोस, मायएसक्यूएल घे, पण ५.७ असेल तर डेटाबेस बनवतानाच यूटीएफ८एमबी४ (देवनागरीही साठवणारा अक्षरसंच) सांग, तिथे डिफॉल्ट लॅटिन१ असतं, त्यात देवनागरी नाही, पासवरचं मराठी नाव प्रश्नचिन्हं होऊन बसेल.

नाशिकचा_कोडर:
दादा, डायगमधे अगदी तेच आलं! कंपाइलइन्क्लूड केलं, डिप्लॉय केलं, इन्स्टॉल्डचं ॲक्टिव्ह झालं आणि विजेट परत यादीत. क्यूआर मोबाइलने स्कॅन पण झाला. ताई, मायएसक्यूएल ८ आहे माझ्याकडे, आज रात्री त्यावर हलवतो. खूप खूप आभार दोघांचे.

अंजिरी:
८ ला यूटीएफ८एमबी४ डिफॉल्टच आहे, तरी एकदा "ज्ञानेश्वर" टाकून सेव्ह करून बघ.