इव्हेंटला बारचं सामान न्यायला बॅग सुचवा (बेळगाव, बजेट 3500)

बारवाला_टिळकवाडी
नमस्कार मंडळी. मी फ्रीलान्स बारटेंडर, राहायला टिळकवाडीत. तुळशीचं लग्न झालं की जांबोटी रोडच्या रिसॉर्टवरची कामं सुरू होतात. मागच्या शनिवारी एका लग्नाचं संगीत होतं, माणसं 120. दुपारी 3 ला हजर राहायचं होतं. कॉलेजची जुनी सॅक स्कूटरवर पायाशी ठेवली आणि निघालो. पिरनवाडी सोडल्यावर एका खड्ड्यात सॅक जोरात आपटली. तिथं जाऊन उघडली तर मिक्सिंग ग्लासच्या (पेय ढवळायच्या काचेच्या भांड्याच्या) काठाचा टवका उडालेला आणि काचेचे कण लिंबांत. दोन किलो लिंबं टाकून दिली. तिथला मॅनेजर म्हणाला, धुऊन वापर. माझं मन होईना. एखाद्याच्या घशात काच गेली तर?

सामान असं: बोस्टन शेकर (पेय हलवून मिसळायची भांडी) 2, मिक्सिंग ग्लास, 30/60 मिलीचे जिगर (मापं), गाळण्या, मडलर (पुदिना-लिंबू चेचायचा दांडा), बारस्पून, 20 पोअरर (बाटलीच्या तोंडाला लावायच्या चोची), दोन सुऱ्या, लाकडी पाट, बिटर्सच्या (थेंबभर घालायच्या कडू अर्काच्या) दोन बाटल्या. सगळं मिळून 9 किलोच्या आसपास. बजेट 3500, त्यावर खरंच जमणार नाही. कुठली बॅग घेऊ?

गोव्यात_सहा_वर्षं
मी लेदरची रोल बॅग वापरतो, 11 हजारांची. पाच वर्षं झाली, एक टाका उसवलेला नाही. पार्टी आपला रेट बॅग बघून ठरवते, हे लक्षात ठेव. 3500 मध्ये जे मिळेल त्याची चेन दुसऱ्या सीझनला जाते.

उद्यमबाग_फिटर
बॅग कशाला विचारूलालास मर्दा? उद्यमबागेत ये, एसएस 304 च्या (स्टेनलेस स्टीलच्या) पत्र्याची पेटी करून देतो. आत कप्पे, कोपरे वेल्डिंग करून घासलेले. माझ्या भावाच्या केटरिंगला केली, हत्तीनं पाय दिला तरी काही व्हायचं नाही. खर्च 6-7 हजार होईल, पण आयुष्यभराचं काम.

खानापूरची_माई
फिटरदादा, त्याचं बजेट 3500 आहे. आणि ती पेटी रिकामीच किती भरेल?

उद्यमबाग_फिटर
रिकामी 8 किलो. स्कूटरला काय होतंय?

शेकरवाली
मीही हेच काम करते, निपाणी ते धारवाड. स्कूटर सोडून दे. मी बसनं जाते. शक्ती योजना (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट) आल्यापासून, म्हणजे जून 2023 पासून, तिकिटाला पैसेही लागत नाहीत. शेफ लोकांची सुऱ्यांची कापडी गुंडाळी मिळते, हजार-बाराशेला, तीच वापरते. आणि काच हवीच कशाला? स्टीलचा मिक्सिंग ग्लास घे, पडला तर पोचा येईल, पण फुटणार नाही.

बारवाला_टिळकवाडी
ताई, शक्ती आम्हाला नाही ना. काचेचं म्हणाल तर पाहुणा समोर उभा असतो. ढवळताना पेय दिसावं, बर्फ कसा फिरतोय ते दिसावं, तिथंच अर्धं काम आहे असं मला वाटतं. काच सोडवत नाही.

ओम्नीप्रेमी
सेकंडहँड ओम्नी घे. मी घेतली. मागची सीट काढली की सगळा बार मावतो, रात्री त्यातच झोपायचं. बॅगेचा प्रश्नच मिटला.

गोव्यात_सहा_वर्षं
+1 गाडीला. शिवाय गोव्याहून चोर्ला घाटातून येताना दारू स्वस्तात आणता येते.

खानापूरची_माई
असले सल्ले पोराला देऊ नका. कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. परवान्याशिवाय गोव्याची दारू कर्नाटकात आणली तर गुन्हा दाखल होतो, गाडीही जाते. आमच्या शेजारच्या पोराची बाईक गेली ती अजून सुटली नाही.

केटरिंग_30_वर्षं
माई बरोबर बोलल्या. बाळा, बॅगेचं नंतर बघ, आधी यजमानाला एवढंच विचार: त्या दिवसाचं सीएल-5 लायसन (कार्यक्रमात दारू द्यायचा तात्पुरता परवाना) काढलंय का? ते नसलं तर बारमागं उभा तू दिसतोस, यजमान नाही. पाहुण्यानं गोव्याची बाटली टेबलावर आणून ठेवली तर हात लावू नकोस. शिनोळीच्या पलीकडं काम असलं तर महाराष्ट्राचं वेगळं. तिथं प्यायला परमिट लागतं, आणि बिअर-वाईन सोडून बाकी दारूला वय 25 पूर्ण पाहिजे. आपल्याकडं 21. चंदगडकडच्या लग्नात दोन्हीकडची पोरं एकत्र असतात, तिथं गोंधळ होतो.

दुसरं बर्फाचं. माणशी एक किलो धर, 120 माणसांना 120 किलो. लादी आणतोस ना? गोणपाटात गुंडाळ आणि फोडू नकोस, बार उघडायच्या अर्धा तास आधी फोड. फोडलेला बर्फ जांबोटीला पोचेपर्यंत पाणी होतो.

ओम्नीप्रेमी
जांबोटीची हवा थंड असते, तिथं बर्फ लवकर वितळत नाही.

केटरिंग_30_वर्षं
थंडी रात्री असते हो. दुपारी 3 ला टेम्पोच्या हौद्यात हात घालून बघा.

रात्रीचा_प्रवासी
कोणी परतीचं बोलतच नाही. बार 12 ला बंद, आवराआवर करून निघायला दीड. जांबोटी ते किणये त्या वेळी स्कूटर नको. भीमगड अभयारण्य लागूनच आहे, गवे रस्त्यावर येतात. मला वळणावर एकदम समोर उभा दिसला, लाईट बंद करून दहा मिनिटं तसाच थांबलो. बॅग चांगली घे, पण सकाळी निघ.

उद्यमबाग_फिटर
खानापूरवरून फिरून जायचं, रस्ता मोठा आहे.

खानापूरची_माई
खानापूरवरून जांबोटीलाही जंगलच लागतं. माहीत नसताना सांगू नये.

नवीन_आयडी_बेळगाव
सगळा धागा वाचला नाही. लेदरची रोल बॅग चांगली, जरा महाग आहे पण.

बारवाला_टिळकवाडी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत जांबोटी रोडलाच काम होतं, ते करून आलो.

बॅग घेतलीच नाही. बाबा मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झाले. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती, झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर. सुताराकडून प्लायचे कप्पे बसवून घेतले, तळाला गादीवाल्याकडचा दीड इंची फोम. दोन्ही मिळून 840 रुपये. मिक्सिंग ग्लास नवीन आणला. आईनं जुन्या वाकळेचा तुकडा फाडून दिला, त्यात ग्लास गुंडाळून मधल्या कप्प्यात उभा ठेवला.

ट्रंक स्कूटरवर बसत नाही, म्हणून बर्फवाल्याच्या टेम्पोतूनच गेलो, 300 दिले. केटरिंगकाकांनी सांगितल्याप्रमाणे लादी गोणपाटात, 7 ला फोडली, शेवटच्या पेगपर्यंत पुरली. सीएल-5 चं विचारलं तर यजमानानं कागदच दाखवला, विचारलंस ते बरं केलंस म्हणाले. रात्री आचाऱ्यांच्या खोलीत झोपलो आणि सकाळच्या पहिल्या बसनं आलो. कंडक्टरनं ट्रंकवरचा नंबर वाचून विचारलं, घरात कोण मिलिटरीत? मग मागच्या सीटखाली स्वतः सरकवून दिली.

काच शाबूत आहे. पोअरर तेवढे 20 चे 18 झाले, दोन बाटल्यांवरच राहिले.

गोव्यात_सहा_वर्षं
ट्रंक घेऊन फाईव्ह स्टारला जाशील तेव्हा कळेल.

केटरिंग_30_वर्षं
पावसाळ्याआधी ट्रंकेला आतून रंग दे. लिंबाच्या रसानं पत्रा लवकर गंजतो, तळाचे सांधे आधी.

बारवाला_टिळकवाडी
हो काका, रविवारी घासून रंग देतो. त्या बर्फवाल्याचा नंबर कुणाला हवा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.