निकदेमाचा शंभर लिट्रा गंधरस: देह टिकवण्यासाठी की मान राखण्यासाठी?

शिलालेख (मूळ लेख)

गेल्या आठवड्यात येथे सुगंधी राळांच्या इतिहासावर एक लेख आला. प्राचीन यहुदी लोक इजिप्तमधल्यांप्रमाणेच राळ व गंधरस वापरून मृतदेह टिकवीत असत, असे त्यात ठासून लिहिले होते आणि पुरावा म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातला, येशूच्या दफनासाठी सुगंधी द्रव्ये आणणारा निकदेम उभा केला होता. अनेकांनी लेखाला दाद दिली आणि कोणीही हरकत घेतली नाही, म्हणून हे सविस्तर लिहावे लागत आहे.

निकदेमाने गंधरस व अगरू यांचे सुमारे शंभर लिट्रा मिश्रण आणले, हे खरे आहे. रोमन लिट्रा सुमारे ३२७ ग्रॅमचा धरला, तर हे वजन बत्तीस किलोंच्या वर जाते. परंतु पुढे घडते काय? यहुद्यांच्या रीतीप्रमाणे येशूचा देह त्या सुगंधी द्रव्यांसह तागाच्या कापडांत गुंडाळला जातो आणि कबरीत ठेवला जातो, एवढेच. इजिप्तमध्ये आतडी, यकृत व फुफ्फुसे बाहेर काढीत, नेट्रॉन या क्षारात देह कित्येक दिवस सुकवीत आणि त्यानंतर राळ वापरीत. यांतले काहीही येथे नाही.

याहून मोठी गोष्ट अशी की त्या काळच्या यरुशलेममध्ये मांस झडून जाणे हाच उत्तरक्रियेचा भाग होता. इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इ.स. ७० मध्ये मंदिर पडेपर्यंत सधन घराण्यांतले मृतदेह खडकात कोरलेल्या लांबट कोनाड्यांत ठेवले जात आणि सुमारे वर्षभराने हाडे गोळा करून चुनखडीच्या पेटीत भरली जात. पेटीची लांबी मांडीचे हाड मावेल इतकी ठेवीत. १९९० मध्ये यरुशलेमच्या दक्षिणेला सापडलेल्या कबरीत महायाजक कयफा याच्या घराण्याचे नाव कोरलेली अशीच एक नक्षीदार पेटी मिळाली आणि तिच्यात सुमारे साठ वर्षांच्या पुरुषाची हाडे होती. ज्या समाजाला वर्षाने हाडे उचलायची आहेत, तो मांस टिकावे म्हणून मणभर द्रव्य का खर्ची घालील? ती द्रव्ये मृताचा मान राखण्यासाठी आणि दुर्गंध झाकण्यासाठी होती.

राळधूप

गेल्या आठवड्यातला तो लेख माझा आहे, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या शेवटच्या अध्यायात याकोबाच्या देहावर चाळीस दिवस मसाल्यांची प्रक्रिया झाली आणि योसेफाचाही देह तसाच तयार करून पेटीत ठेवला गेला. यहुदी राजा दुसरा अरिस्तोबुल याचा देह मधात राखून ठेवला होता, असे प्राचीन यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो. मग देह टिकवण्याची कल्पना यहुद्यांना परकी होती, असे कसे म्हणता येईल? शिवाय दगडी पेट्या श्रीमंतांच्या होत्या, हे आपणच लिहिले आहे. साध्या माणसाला जमिनीत खड्डा खणून पुरीत असत. मूठभर घराण्यांच्या पेट्यांवरून सगळ्या समाजाचा हेतू ठरत नाही.

आमचे घराणे तीन पिढ्या धूप व उदाच्या व्यापारात आहे. चिमूटभर ऊद निखाऱ्यावर पडला, तरी माजघर भरून जाते. केवळ वासासाठी बत्तीस किलो द्रव्य लागते, हे ज्याने आयुष्यात राळ हाताळली आहे त्याला पटणार नाही.

शिलालेख

याकोब आणि योसेफ इजिप्तमध्ये वारले, आणि याकोबावरची प्रक्रिया इजिप्तच्या वैद्यांनी केली, हे त्याच अध्यायात लिहिले आहे. अरिस्तोबुलाला रोममध्ये विष घालण्यात आले आणि पुढे यहुदियात पाठवून राजघराण्याच्या कबरीत ठेवीपर्यंत त्याचा देह मधात होता. दोन्ही ठिकाणी प्रेत दूरवर न्यायचे होते. निकदेमाला ते गावाबाहेरच्या बागेपर्यंतच न्यायचे होते.

आपला निखाऱ्याचा दाखला येथे लागूच होत नाही, कारण योहानाच्या मजकुरात काहीही जाळलेले नाही. धूर करणे वेगळे आणि कापडांच्या घड्यांत द्रव्य घालणे वेगळे. हेतूविषयी तर मिश्ना, म्हणजे यहुदी नियमांचा संग्रहच सांगतो: मृतांसाठी ठेवलेल्या सुगंधी द्रव्यांवर आशीर्वाद म्हणू नये. मिश्नावरच्या विवेचनाचा ग्रंथ तालमूद त्याचे कारण देतो की ती द्रव्ये दुर्गंध घालवण्यासाठी असतात, सुवासाचा आनंद घेण्यासाठी नव्हेत.

राळधूप

मिश्नाचे संकलन सुमारे इ.स. २०० चे आणि तालमूद त्याहूनही कित्येक पिढ्या नंतरचा. दीडदोनशे वर्षांनंतरचे नियम वधस्तंभाच्या काळावर लादायचे आणि दुसऱ्याला मात्र पुराव्याचे धडे द्यायचे, ही पद्धत मला मान्य नाही.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि प्रेत म्हणजे काय, हे या चर्चेतल्या बहुतेकांपेक्षा जवळून पाहिले आहे. कुजण्याची सुरुवात मुख्यतः आतून, आतड्यांतल्या जिवाणूंपासून होते. कापडाच्या घड्यांत भरलेली पूड तिथवर पोहोचत नाही, मग ती एक किलो असो की बत्तीस. राळेत जंतुनाशक गुण असला तरी तो त्वचेपाशीच थांबतो. त्यामुळे पोट न उघडता देह टिकवला, हे म्हणणे मला शारीरदृष्ट्या पटत नाही.

मात्र तालमुदातली एक गोष्ट आपण दोघांनीही वगळली, याचा मला राग आला आहे. पूर्वी पोटाच्या विकाराने मेलेल्यांच्याच खाली धूप ठेवीत. त्यामुळे त्याच विकाराने आजारी असलेल्या जिवंत माणसांना लाज वाटू लागली, म्हणून सर्वच मृतांच्या खाली धूप ठेवण्याचा नियम करण्यात आला. आमच्या वॉर्डात आतड्याच्या कर्करोगाने एक गृहस्थ गेले, तेव्हा नातेवाइकांनी त्यांच्या खाटेच्या दांड्याला मूठभर उदबत्त्या खोचल्या. शेजारच्या खाटेवर तोच आजार असलेल्या आजी होत्या. त्यांनी पदर नाकाशी नेला आणि मग मला हळूच विचारले, “माझा पण असाच वास येतो का गं?” त्या दिवसापासून पडदा ओढल्याखेरीज आणि खिडकी उघडल्याखेरीज मी कोणालाही उदबत्ती लावू देत नाही. तो नियम करणाऱ्यांना अशी एखादी आजी ठाऊक असली पाहिजे, याविषयी मला शंका नाही.

हिशेबनीस

खरा प्रश्न खर्चाचा आहे आणि त्याला कोणी हात लावलेला नाही. हाच तालमूद सांगतो की उत्तरक्रियेचा खर्च नातेवाइकांना मृत्यूपेक्षाही जड होऊ लागला, इतका की लोक प्रेत टाकून पळून जात. अखेर रब्बान गमलिएल या यहुदी आचार्याने स्वतःला साध्या तागाच्या वस्त्रांत नेण्याचा पायंडा पाडला, तेव्हा लोकांची सुटका झाली. मार्काच्या शुभवर्तमानात ज्या जटामांसीच्या सुगंधी तेलाला उत्तरक्रियेची पूर्वतयारी म्हटले आहे, त्याची किंमत तीनशे दीनारांहून अधिक, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई होती. यहुदियाचा राजा हेरोद याच्या अंत्ययात्रेत पाचशे सेवक सुगंधी द्रव्ये घेऊन चालले. ही प्रेमाची नव्हे, ऐपतीची प्रदर्शने होती. माझे वडील गेले तेव्हा दहाव्या-तेराव्याचे कर्ज मी चार वर्षे फेडले, त्यामुळे निकदेमाच्या उदारतेचे कौतुक मला ऐकवत नाही.

रेवदंडेकरीण

आपल्या दुःखाविषयी आदर आहे, परंतु आपला राग चुकीच्या माणसांवर निघतो आहे. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी असून माझे माहेर रेवदंड्याचे आहे. आता इस्राएलमधल्या अश्दोदला असते. आमच्याकडे अंत्यविधीला डामडौल नसतो. स्नान, साधे पांढरे वस्त्र, शक्य तो त्याच दिवशी दफन, आणि श्रीमंत-गरीब असा भेद नाही. गमलिएलाचा तो पायंडा लिहून झाल्यावर आपणच पुन्हा ‘प्रदर्शने’ असे कसे म्हणू शकता? ज्या परंपरेने स्वतःचा दोष ओळखून तो सुधारला, तिलाच दोष देणे न्यायाचे नाही.

आणि सुगंध म्हणजे नेहमी पैसाच असतो, असेही नाही. आमची आजी गेली तेव्हा आईने घरामागचा सब्जा तोडून आणला आणि आलेल्या बायकांच्या हातात एकेक काडी दिली. त्याला एक पैसाही लागला नाही.

हिशेबनीस

आपल्या समाजाला मी दोष दिलेला नाही. हेरोदाला आणि निकदेमाला दिला आहे, आणि तो मागे घेणार नाही. तालमूदच पुढे सांगतो की थोरल्या रब्बान गमलिएलासाठी यहुदी धर्म स्वीकारलेल्या ओंकेलोसाने सत्तर सोरी माने (सोर नगराचे जुने चलन) किमतीच्या वस्तू जाळल्या. साधेपणाचा पायंडा पडला म्हणतात, मग हे काय होते?

रेवदंडेकरीण

गमलिएल नावाचे आचार्य एकाहून अधिक होऊन गेले. नाव सारखे म्हणून दोन हकिगती एकाच माणसाच्या अंगावर टाकू नका. राजांसाठी वस्तू जाळण्याची रीत जुनीच होती आणि ओंकेलोसाने आचार्याला राजाचा मान दिला. तो त्याच्या स्वतःच्या पैशाचा प्रश्न होता. त्यासाठी कोणत्याही नातेवाइकाने कर्ज काढले नाही.

सातपुडा

वनस्पतींविषयी थोडे. यहुदियाच्या वाळवंटातल्या गुहेत सापडलेले गुग्गुळाच्या कुळातले एक जुने बी २०१० मध्ये रुजवण्यात आले आणि त्याविषयीचे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हेच यहुदियाचे प्रसिद्ध सुगंधी बाल्सम असेल, अशी आशा होती, परंतु त्या झाडात तसा सुगंध आढळला नाही. त्यामुळे ते झाड दाखवून कबरीतल्या सुगंधाच्या गोष्टी रंगवणे थांबवावे.

आणि राळधूप यांनी बाजारातल्या उदाच्या शुद्धतेविषयीही कधीतरी लिहावे. मेळघाटात साळईच्या खोडाला चरे पाडून डिंक गोळा करणाऱ्यांना मी ओळखतो. त्यांच्या हातचा माल आणि शहरात पुडीत मिळणारा माल यांचा एकमेकांशी संबंध राहिलेला नसतो.

राळधूप

भेसळीचा विषय येथे नको; आमच्या दुकानात कोणीही येऊन माल पाहावा.

मूळ मुद्द्यावर येतो. पोट न उघडता देह टिकत नाही, हे रात्रपाळी यांचे म्हणणे मला खोडता येत नाही, म्हणून ‘टिकवणे’ हा शब्द मी लेखातून काढतो. परंतु शिलालेख यांचे ‘दुर्गंध झाकण्यासाठी’ हे उत्तरही बत्तीस किलोंचा उलगडा करीत नाही. त्याचे उत्तर बायबलमधल्या ‘२ इतिहास’ या पुस्तकात आहे. आसा राजाला नाना तऱ्हेच्या सुगंधी द्रव्यांनी भरलेल्या शय्येवर निजवले आणि त्याच्यासाठी फार मोठा अग्नी पेटवला. यहोराम राजा लोकांना नकोसा झाला होता, तर त्याच्यासाठी तसा अग्नी पेटवला नाही. म्हणजे द्रव्याच्या राशीवरून मृताची योग्यता कळत असे. योहानाला निकदेमाकडून राजाची उत्तरक्रिया दाखवायची आहे, म्हणून आकडा शंभराचा आहे.

शिलालेख

मान राखण्यासाठी, हे मी पहिल्याच परिच्छेदांत लिहिले होते. तथापि आसाचा दाखला माझ्या मिश्नाहून थेट आहे, हे मान्य करतो. योहानाच्या वाचकांना तो ठाऊक असणार. एक मात्र सोडणार नाही. शय्येवरची द्रव्ये आणि पेटवलेला अग्नी या आसाच्या हकिगतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निकदेमाने त्यांतली पहिलीच केली. आपल्या लेखात त्या दोन्ही एकत्र झाल्या आहेत. शब्द काढतच आहात, तर तेवढा परिच्छेदही वेगळा करावा.