मदत हवी आहे: पंचमाच्या वर मुलींचा आवाज चोरटा (पातळ, दबका) होतो, खुला कसा करून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी सुगम आणि लोकसंगीत शिकवतो. यंदा काही मुली लावणी शिकायला आल्या आहेत. सगळ्यांची आधी शास्त्रीयची तालीम झालेली, पट्टी (पेटीवरची जी पट्टी षड्ज धरतात ती) काळी चार किंवा काळी पाच. मध्यमापर्यंत आवाज भरदार. पंचम ओलांडला की पातळ होतो आणि तार षड्जाला लावणीचं पार भजन होतं. फडात माईक नसताना बायका ढोलकी-हलगीच्या वर गायच्या, ती छातीची खडी फेक हवी आहे. सुलोचना चव्हाण ऐकवल्या की ठसका कळतो, पण गळ्यात उतरत नाही.

खरी अडचण अशी की मला करून दाखवता येत नाही. काळी पाचचा त्यांचा तार षड्ज म्हणजे माझ्या पुरुषी गळ्याचं टोक. तो लावला की मुली माझा ताणच उचलतात. सप्तकभर खाली गायलो, तर छातीचा आवाज पातळ आवाजात पलटण्याची जागाच येत नाही.

'जोर लाव' म्हणणं बंद केलंय. जोर म्हटलं की हनुवटी वर, मानेच्या शिरा ताठ, भसाभस हवा, आणि तासाभरात घसा बसतो. खुल्या आवाजाला दाब लागतो, पण स्वरतंतू घट्ट मिटत असल्यामुळे हवा कमीच जाते, हे सांगून पाहिलं. मग बांधावरून घालतात तशी हाळी घालायला लावली, "अगं एऽऽ!" खणखणीत आली, तीही धैवताच्या आसपास! पेटीवर तोच स्वर देऊन 'आता गा' म्हटलं, की पुन्हा चोरटा.

'आ', 'ए'वर त्यातल्या त्यात जमतं, 'ई' आणि 'ऊ' हमखास पातळ. म्हणून 'ई' जरा 'ए'कडे झुकवून घेतो. पण लावणीत शब्द बोथट झाला तर उरलं काय?

तर जाणकारांनी सांगा:

हाळीवरून स्वरावर कसं आणायचं? मध्ये बोलल्यासारखं म्हणून घ्यावं का?

पट्टी पांढरी पाचला उतरवली तर पलट धैवतापर्यंत सरकते. काही महिने तिथेच ठेवावं की ती पळवाट ठरेल?

एकीला तिच्या शास्त्रीयच्या बाईंनी 'याने ख्याल बिघडेल' असं बजावलंय. ख्यालगायिका केसरबाई केरकरांचा खुला आकार ('आ'वरचं गाणं) ऐकल्यावर मला ते पटत नाही, पण दोन्ही गाणाऱ्या कुणी असतील तर त्यांचा अनुभव हवा आहे.

(एकीचा आवाज बसलाय तो सुटत नाहीये. तिचं गाणं थांबवून घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलंय, त्यामुळे तिच्यासाठी काढे सुचवू नका.)