मेशचं वाय-फाय झकास, पण वायरवरचा डीव्हीआर आणि वरचा पीसी चालेना

वडगावचा_मागवाला
नमस्कार मंडळी. घर बेळगावात, वडगावला. खाली यंत्रमाग, मधल्या मजल्यावर आम्ही, वर गच्चीला लागून मुलीची खोली. फायबर खाली ऑफिसच्या टेबलापाशी येतो. वर रेंज पोचत नव्हती म्हणून दिवाळीत तीन डब्यांचा मेश (घरभर एकच वाय-फाय पसरवणारा संच) घेतला. मोबाईल आता गच्चीवरसुद्धा पळतो, त्याबद्दल तक्रार नाही. घोळ आहे तो वायरचा.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर फायबरच्या डब्यातून काढून मेशच्या मुख्य डब्यात लावला. बत्ती लुकलुकते, पण मोबाईलवर ‘ऑफलाईन’. परत फायबरच्या डब्यात लावला की लगेच चालू.

वर मुलीचा पीसी तिसऱ्या डब्याला वायरनं जोडलाय. नेट मधेच जातं, कधी कधी तर अख्ख्या घराचंच थांबतं. चालू असलं तरी स्पीड ९४ च्या वर जात नाही. प्लॅन २०० चा आहे, मधल्या मजल्यावर मोबाईलला १८० मिळतात.

नेटवाला पोरगा येऊन बघून गेला. “सर, लाईन सरी इदे,” म्हणजे लाईन ठीक आहे, एवढंच. दुकानदार म्हणतो, तिन्ही डबे बदलून दुसरे घ्या. घेऊ का?

गल्लीतला_इंजिनिअर
सगळं बंद करा, दहा मिनिटांनी एकेक चालू करा. होतंय.

निपाणीचा_कॅमेरावाला
रीस्टार्टनं हे जाणार नाही. आणि डबे तर अजिबात बदलू नका. धागा कुठं तुटलाय ते न बघता माग विकता काय?

आधी डीव्हीआर. मोबाईलमध्ये वाय-फायच्या तपशिलात आयपी पत्ता बघा. मेश राउटर म्हणून चालत असेल तर त्याची मालिका वेगळी असते, १९२.१६८.६८ किंवा असलंच काहीतरी. आता डीव्हीआरला मॉनिटर आणि माऊस लावून नेटवर्कचं पान उघडा. तिथं १९२.१६८.१ नं सुरू होणारा पत्ता हातानं भरलेला असणार, पैज लावतो. आम्ही कॅमेरे बसवणारे लोक हेच करतो, म्हणजे पत्ता हलत नाही आणि गिऱ्हाईकाचा रात्री फोन येत नाही. पण राउटर बदलला की तो पत्ता जुन्या घरचाच राहतो. बत्ती लुकलुकते म्हणजे वायर जोडली गेली एवढंच, नेट मिळालं असं नाही.

डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेण्याची सोय) चालू करा, सेव्ह करा, डीव्हीआर बंद करून चालू करा. मग मेशच्या अ‍ॅपमध्ये त्याच्यासाठी पत्ता राखून ठेवा. तशी सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते.

पीसीचं बघताना त्याचं वाय-फाय आधी बंद करा, नाहीतर तो गुपचूप त्याच्यावर चालतो आणि आपण वायर तपासत बसतो. कमांडच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाका. पत्ता १६९.२५४ नं सुरू झाला तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, पीसीनं स्वतःच लावून घेतलाय.

जांभ्याच्या_भिंती
मी खानापूर तालुक्यातून लिहिते. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या जाड भिंती, त्यामुळे डबे एकमेकांना वायरनंच जोडावे लागले. म्हणून विचारते, तुमचा वरचा डबा खालून वायरनं जोडलाय का? आणि त्या वायरीचं खालचं टोक कशात आहे?

वडगावचा_मागवाला
व्हय. वरपर्यंत जुनी वायर होतीच, तीच वापरली. खालचं टोक फायबरच्या डब्यात आहे.

जांभ्याच्या_भिंती
मग अख्खं घर का थांबतं ते कळलं. मेश राउटर म्हणून चालत असेल तर फायबरच्या डब्यातून एकच वायर निघायला हवी, ती मुख्य डब्याच्या इंटरनेटच्या पोर्टात. बाकीचे डबे, नेटवर्कचा स्विच (एका वायरीच्या अनेक करणारी डबी), पीसी, सगळं मुख्य डब्याच्या पुढं. तुमचा वरचा डबा हवेतून मुख्य डब्याशी बोलतो आणि वायरीतून त्याला वळसा घालून थेट फायबरच्या डब्याशी. दोन्ही नेटवर्कं अशी मागच्या दारानं जोडली गेली की कोण कुणाला पत्ता देईल याचा नेम नाही, आणि फेरा पूर्ण झाला तर सगळंच गोठतं.

दुसरा रस्ताही आहे. मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो राउटर न राहता फक्त वाय-फाय पसरवेल. मग पत्ते वाटायचं काम फायबरच्या डब्याकडं जाईल, घरभर १९२.१६८.१ चीच मालिका राहील आणि डीव्हीआरला हातही लावावा लागणार नाही. मी तेच केलंय.

आणखी एक. मधे कुठं छोटा स्विच असेल तर तो इन्व्हर्टरवर घ्या. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की डबे चालू आणि जिन्याखालचा स्विच बंद, असं व्हायचं. सगळे मेशला शिव्या द्यायचे.

निपाणीचा_कॅमेरावाला
ताई, वायरीचं तुमचं बरोबर, पण अ‍ॅक्सेस पॉइंट मोड मी सुचवणार नाही. फायबरचा डबा बदलला किंवा रीसेट झाला की घरातले राखीव पत्ते उडाले. शिवाय मुलांच्या वेळेचं बंधन वगैरे काही मेशमध्ये त्या मोडवर चालत नाही. एवढे पैसे घालून मेश घेतलाय तर राउटरचं काम त्यालाच करू दे.

जांभ्याच्या_भिंती
आमच्या घरात ते बंधन लागतं ते सासऱ्यांच्या यूट्यूबला, आणि ते लावायची कुणाची हिंमत नाही. ज्याचं त्यानं ठरवावं.

वडगावचा_मागवाला
डीव्हीआरमध्ये १९२.१६८.१.१०८ हातानं भरलेलं होतं. डीएचसीपी केल्यावर मोबाईलवर सगळे कॅमेरे आले. वरच्या वायरीचं टोक मुख्य डब्यात हलवलं, तेव्हापासून घराचं नेट थांबलेलं नाही. पण पीसी ९४ वरच अडकलाय.

निपाणीचा_कॅमेरावाला
९४ म्हटल्यावर वायरच. १०० एमबीपीएसची लिंक प्रत्यक्षात साधारण तेवढंच देते. शंभराला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही जोड्या, म्हणजे आठ तारा. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली तरी दोन्ही टोकं बहुतेक वेळा मुकाट्यानं शंभरावर येतात आणि नेट चालूच राहतं, म्हणून कळत नाही. पीसी ते डबा ही छोटी वायर आधी बदलून बघा. ती ठीक निघाली तर लांब वायरीची टोकं तपासा. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्हीकडं सारखा.

वडगावचा_मागवाला
छोटी वायर बदलून फरक नाही. लांब वायरीचं खालचं टोक उघडलं तर प्लगमध्ये चारच तारा! निळी आणि तपकिरी जोडी बाहेरून वळवून गच्चीवरच्या कॅमेऱ्याला दिलीय.

निपाणीचा_कॅमेरावाला
हाहा, आमच्याच जातभाईचं काम. अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याचं चित्र जोडीवर बलून (छोटा अडॅप्टर) लावून नेता येतं, त्यात एक वायर वाचवली. त्या जोड्या काढू नका, गच्चीचा कॅमेरा जाईल. नवीन कॅट-६ नेटवर्क वायर ओढा. खडेबाजारात घेताना शुद्ध तांब्याची मागा, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त पडते पण वाकवली की तुटते. मागाच्या थ्री-फेजच्या पाइपातून नेऊ नका, वेगळा पाइप घाला. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

वडगावचा_मागवाला
उद्या मेस्त्रीला बोलावतो. पाइप पाऊण इंची पुरेल ना?

निपाणीचा_कॅमेरावाला
एक इंची घ्या आणि दोन वायरी ओढून ठेवा. गच्चीचा कॅमेरा कधीतरी आयपी, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर चालणारा, करणारच.